कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल : घरी आणण्यापूर्वी ही जात कशी ओळखावी

छोट्या सोबती कुत्र्यांमध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलइतकी सहज आवडून जाणारी जात क्वचितच सापडते, आणि तिची माहिती घेताना नेमकी हीच अडचण होते. मोठे गोल डोळे, झालरीचे लांब कान आणि सतत हलणारी शेपटी पाहून निर्णय पाच मिनिटांत होऊन जातो. या जातीच्या हृदयाचा आणि कवटीचा प्रश्न मात्र काही वर्षांनी, पशुवैद्याने स्टेथोस्कोप लावल्यावर, समोर येतो. म्हणून या लेखात क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी जात, मग आपले घर, मग आजार, त्यानंतर पिल्लाचे आईवडील आणि सर्वांत शेवटी पिल्लू, अशा क्रमाने जो जाईल त्याची फसगत होण्याची शक्यता बरीच कमी होते.

पहिली पायरी : कोणत्या कुत्र्याविषयी बोलतो आहोत, हे नक्की करणे

‘किंग चार्ल्स स्पॅनियल’ आणि ‘कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल’ या दोन वेगळ्या जाती आहेत. इंग्लंडच्या राजघराण्यात सोळाव्या-सतराव्या शतकांत छोटे स्पॅनियल पाळले जात असत आणि १६६० ते १६८५ या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या चार्ल्स राजाला त्यांचे इतके वेड होते, की तो दरबारी कामकाज सोडून कुत्र्याशी खेळत बसतो, अशी तक्रार त्याच्याच एका अधिकाऱ्याने रोजनिशीत लिहून ठेवली आहे. पुढे चपट्या नाकाच्या कुत्र्यांची आवड वाढली, तशा जातींशी संकर झाले आणि एकोणिसाव्या शतकात मूळचे लांबट नाकाड जाऊन घुमटासारख्या डोक्याचा, बसक्या नाकाचा किंग चार्ल्स स्पॅनियल रूढ झाला.

जुन्या चित्रांत दिसणारा कुत्रा गेला कुठे, हा प्रश्न रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थांना पडला. १९२६ मध्ये त्यांनी लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात जुन्या धाटणीच्या, लांब नाकाडाच्या सर्वोत्तम नर आणि मादीसाठी प्रत्येकी २५ पौंडांचे बक्षीस जाहीर केले. त्यातून १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये या जातीचा क्लब स्थापन झाला आणि ‘अ‍ॅन्स सन’ नावाचा कुत्रा समोर ठेवून जातीचे मानक लिहिले गेले; एल्ड्रिज मात्र तोवर निवर्तले होते. ब्रिटिश केनेल क्लबने कॅव्हेलियरला स्वतंत्र जात म्हणून १९४५ मध्ये मान्यता दिली, तर अमेरिकन केनेल क्लबने त्यासाठी १९९५ साल उजाडू दिले. हा इतिहास केवळ रंजक म्हणून सांगितलेला नाही. मोजक्या कुत्र्यांपासून जात उभी राहिली, त्यात दुसऱ्या महायुद्धात अनेक ब्रीडरांना कुत्र्यांची संख्या अगदी थोडकी करावी लागली आणि उरलेल्यांतूनच पुढची पैदास झाली. आज जगभर दिसणारे कॅव्हेलियर एकमेकांचे जवळचे नातलग आहेत आणि त्यांच्या बहुतेक आनुवंशिक दुखण्यांचे मूळ या मोजक्या पूर्वजांत आहे.

रूपाचे सांगायचे तर प्रौढ कुत्र्याचे वजन साधारण ५.४ ते ८ किलो आणि खांद्यापाशी उंची ३० ते ३३ सेंटिमीटर असते. कवटी कानांच्या मधोमध जवळजवळ सपाट असते, नाकाड साधारण चार सेंटिमीटर लांब असते आणि कान, छाती, पाय व शेपटी यांवर रेशमी केसांची झालर असते. मान्य रंग चारच आहेत : पांढऱ्यावर तांबूस-बदामी ठिपके असलेला ब्लेनहाइम, काळा-पांढरा-तांबूस असा तिरंगी, संपूर्ण तांबडा रूबी आणि काळ्यावर तांबूस खुणा असलेला ब्लॅक अँड टॅन. ‘दुर्मीळ मर्ल रंग’ किंवा ‘टीकप कॅव्हेलियर’ अशी जाहिरात दिसली, तर तिथेच थांबावे. पहिल्यात दुसऱ्या जातीचा संकर असतो आणि दुसऱ्यात कमी वाढलेल्या पिल्लाला दिलेले गोंडस नाव.

दुसरी पायरी : आपले घर तपासणे

कॅव्हेलियर माणसांवर लोभ असणारा कुत्रा आहे, अनोळखी माणसांवरही. राखणीसाठी त्याचा उपयोग शून्य. दारात आलेल्या कोणाचेही तो शेपटी हलवून स्वागत करील. लहान मुले, वृद्ध, घरातले दुसरे कुत्रे आणि बहुधा मांजरेही, या सर्वांशी तो जुळवून घेतो, आणि पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला त्याच्याइतका क्षमाशील शिष्य मिळणे अवघड आहे.

या लोभाची दुसरी बाजू एकटेपणाची आहे. शतकानुशतके मांडीवर आणि पायांशी बसण्यासाठीच ज्याची निवड होत आली, त्याला रोज आठ-नऊ तास रिकाम्या घरात ठेवले तर तो भुंकतो, दार खरवडतो, घरात घाण करतो किंवा नुसता कोमेजून जातो. हट्टीपणा म्हणून त्याला शिक्षा करणे हा अन्याय होईल. घरातली सर्व मंडळी दिवसभर बाहेर असतील आणि मधल्या वेळेत कोणी येणार नसेल, तर माझ्या मते ही जात घेऊच नये; दुसरा कुत्रा आणून त्याला सोबत करण्याचा उपायही खात्रीचा नाही, कारण त्याला हवे असते ते माणूस.

तो अगदीच सोफ्यावरचा कुत्रा आहे, हा समजही खरा नाही. अंगात स्पॅनियलचे रक्त असल्यामुळे पाखरू, फुलपाखरू किंवा वाऱ्याने उडालेले पान दिसताच तो मागे धावतो आणि त्या क्षणी रस्त्यावरची वाहने त्याच्या खिजगणतीत नसतात. रोज पाऊण ते एक तास चालणे आणि कुंपण नसलेल्या जागी कायम पट्टा, हे दोन्ही गृहीत धरावे. केस भरपूर गळतात, हेही घरातल्या सर्वांना आधीच सांगितलेले बरे.

तिसरी पायरी : हृदयाविषयी वाचणे, आणि नीट वाचणे

हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये मायट्रल झडप असते. वयानुसार ती जाड आणि वेडीवाकडी होत गेली, की न मिटणाऱ्या दारासारखी थोडी फट राहते, प्रत्येक ठोक्याला काही रक्त उलट वर ढकलले जाते आणि त्या उलट्या प्रवाहाचा आवाज स्टेथोस्कोपमधून ‘मर्मर’ म्हणून ऐकू येतो. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांत हा आजार सर्वत्र आढळतो. कॅव्हेलियरमध्ये मात्र तो फार लवकर सुरू होतो आणि दहाव्या वर्षापर्यंत जातीतल्या बहुतेक कुत्र्यांना मर्मर असते. या जातीतल्या मृत्यूंचे प्रमुख कारण हेच आहे.

येथे दोन गैरसमज टाळायला हवेत. मर्मर ऐकू आली म्हणजे कुत्रा आता थोड्याच दिवसांचा सोबती, हा पहिला. मर्मरची तीव्रता एक ते सहा अशा श्रेणींत मोजतात आणि सौम्य मर्मर असलेले कित्येक कुत्रे वर्षानुवर्षे औषधाविना धडधाकट राहतात. हृदयाचा आकार वाढलेला नसेल तर त्या टप्प्याला पशुवैद्य ‘बी-१’ म्हणतात, लक्षणे नसूनही आकार वाढला असेल तर ‘बी-२’, आणि फुप्फुसांत पाणी साचण्यासारखी लक्षणे दिसू लागली की ‘सी’. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ या मोठ्या अभ्यासात बी-२ टप्प्यावर पिमोबेंडन हे औषध सुरू केलेल्या कुत्र्यांमध्ये हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी सुमारे १५ महिन्यांनी लांबल्याचे आढळले. म्हणजे बी-१ आणि बी-२ यांतला फरक वेळेवर कळणे हाच उपचाराचा गाभा ठरतो. तो नुसत्या स्टेथोस्कोपने कळत नाही, त्यासाठी इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावी लागते.

दुसरा गैरसमज अधिक महाग पडतो. ‘पिल्लाचे हृदय व्हेटने तपासले आहे, उत्तम आहे’ असे सांगितले जाते आणि ते खरेही असते, कारण आठ आठवड्यांच्या पिल्लाला हा आजार नसतोच. पिल्लाची तपासणी जन्मजात दोषांपुरती उपयोगी आहे. मायट्रल झडपेविषयी काही सांगू शकतील असे आईवडील आणि आजी-आजोबा आहेत. म्हणूनच जातीच्या हितचिंतकांनी पैदाशीचा एक नियम घालून दिला आहे : आई आणि वडील दोघेही किमान अडीच वर्षांचे असावेत, त्या वयात त्यांच्या हृदयात मर्मर नसावी आणि त्यांच्या आईवडिलांची हृदये पाचव्या वर्षीही निर्दोष असावीत.

चौथी पायरी : कवटीचा प्रश्न आणि इतर दुखणी

कॅव्हेलियरच्या कवटीचा मागचा भाग आतल्या मेंदूच्या मानाने अपुरा असतो. लहान मेंदू मागे दाबला जातो, मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती फिरणाऱ्या द्रवाची वाट अडते आणि कालांतराने मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या तयार होतात. यातील पहिल्या रचनादोषाला ‘कियारीसदृश विकृती’ म्हणतात आणि पोकळ्यांच्या आजाराला ‘सिरिंगोमायेलिया’. रचनादोष या जातीत जवळजवळ सार्वत्रिक आहे. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या कॅव्हेलियरांच्या एमआरआय तपासण्यांत वर्षभराच्या सुमारे २५ टक्के, तर सहा वर्षांवरील सुमारे ७० टक्के कुत्र्यांत पोकळ्या सापडल्या. त्यांतल्या सर्वांना वेदना होत नाहीत. ज्यांना होतात त्यांचे हाल मात्र बघवत नाहीत.

लक्षणे ओळखायला शिकावे, कारण ती ‘सवय’ म्हणून सहज दुर्लक्षिली जातात. चालता चालता कुत्रा मध्येच थांबतो, मान एका बाजूला कलती करतो आणि मागचा पाय त्या बाजूच्या खांद्याच्या दिशेने हवेतच वेगाने हलवतो. पंजा अंगाला टेकत नाही, त्वचेवर पिसू किंवा पुरळ काहीही नसते, आणि पट्टा मानेला घासला की हा प्रकार वाढतो. उचलून घेताना अचानक किंचाळणे, डोके उंचावर टेकवूनच झोपणे, कानामागे हात लावू न देणे, जिना चढायला नकार देणे याही खुणा आहेत. लक्षणे बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतात. खात्रीचे निदान एमआरआयनेच होते. ब्रिटनमध्ये २०१२ पासून ब्रीडरांच्या कुत्र्यांचे एमआरआय पाहून अधिकृत श्रेणी देण्याची योजना आहे. तीत शून्य म्हणजे दोष नाही, पुढे दोनपर्यंत तीव्रता आणि सोबत वयोगट दाखवणारे अक्षर. पाच वर्षांनंतर काढलेली शून्य श्रेणी एका वर्षाच्या कुत्र्याच्या शून्यापेक्षा कितीतरी मोलाची असते.

दोन आजारांपुरते नशीब चांगले आहे. उत्तेजित झाल्यावर पाय ताठरून कुत्रा कोसळण्याचा ‘एपिसोडिक फॉलिंग’ आणि जन्मतः कुरळे खरखरीत केस व कोरडे डोळे यांचा विकार, या दोन्हींसाठी डीएनए चाचण्या उपलब्ध आहेत. दोन्ही दोष प्रच्छन्न आहेत, म्हणजे सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो; एकच सदोष जनुक असलेला कुत्रा नुसता वाहक असतो. त्यामुळे वाहक आणि निर्दोष अशा जोडीतून आजारी पिल्लू जन्मत नाही. म्हणूनच एक पालक वाहक निघाला म्हणून ती वेत नाकारण्याचे कारण नाही. मधल्या कानात घट्ट चिकट स्राव साठून ऐकू कमी येणे, गुडघ्याची वाटी सरकणे आणि डोळ्यांचे काही विकार हेही या जातीत दिसतात.

आजारांची ही यादी वाचून काहींना पाऊल मागे घ्यावेसे वाटेल आणि ते गैर नाही. नॉर्वेमध्ये प्राणीरक्षण संस्थेने खटला भरला आणि २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियरची सध्याची पैदास प्राणी कल्याण कायद्याशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. कुत्रा पाळण्यावर मात्र तेथे बंदी नाही.

पाचवी पायरी : पिल्लाआधी आई पाहणे

ब्रीडरशी पहिले बोलणे फोनवर करावे आणि पिल्लांचे फोटो मागवू नयेत. फोटो पाहिल्यावर प्रश्न विचारण्याची धार जाते. आईचे वय किती, तिची ही कितवी वेत, दोन्ही पालकांचे हृदय शेवटचे कधी आणि कोणी तपासले, एमआरआय झाला आहे का, डीएनए चाचण्यांचे निकाल काय, आजी-आजोबा हयात आहेत का आणि नसल्यास कोणत्या वयात कशाने गेले, एवढे प्रश्न पुरेत. चांगला ब्रीडर या प्रश्नांनी सुखावतो आणि उलट तुमचीच चौकशी सुरू करतो. ‘माझ्या कुत्र्यांना आजवर काहीही झालेले नाही’ या उत्तराचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की कोणी तपासलेले नाही.

प्रत्यक्ष भेटीत कागद हातात घेऊन वाचावेत. प्रमाणपत्रावरचा मायक्रोचिप क्रमांक आणि समोर उभ्या असलेल्या मादीचा क्रमांक एकच आहे का, तपासणी गेल्या वर्षभरातली आहे का, आणि ती हृदयतज्ज्ञाने केली की लसीकरणाच्या वेळी ओझरती झाली, हे पाहावे. नर बहुधा दुसऱ्या ब्रीडरचा असतो. त्याच्या कागदांच्या प्रती मागाव्यात. आई पिल्लांसोबत, घरातल्या वावराच्या जागी दिसली पाहिजे. ‘ती आत्ता बाहेर फिरायला नेली आहे’ असे ऐकले तर पुन्हा येतो म्हणून निघावे आणि परत जाऊ नये. घरात सात-आठ वर्षांचे कुत्रे असतील तर पिल्लांपेक्षा जास्त वेळ त्यांच्यापाशी बसावे, कारण जातीचा आणि त्या ब्रीडरच्या रक्तरेषेचा खरा अंदाज तिथेच येतो.

पिल्लू निवडताना ते कुतूहलाने जवळ येते का, डोळे व नाक स्वच्छ आहेत का आणि ते सरळ चालते का, एवढे पाहिले तरी चालेल. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये.

पिल्लाचाच आग्रह नसेल, तर पाच-सहा वर्षांचा प्रौढ कॅव्हेलियर दत्तक घेणे मला अनेकदा अधिक शहाणपणाचे वाटते. त्या वयात निर्दोष निघालेले हृदय हे कोणत्याही वंशावळीपेक्षा भक्कम आश्वासन असते, मज्जारज्जूच्या वेदना असत्या तर त्या बहुधा दिसू लागल्या असत्या, आणि नव्या माणसांत रुळायला ही जात फारसा वेळ घेत नाही.

सहावी पायरी : पहिले आठवडे

पहिल्या दिवसापासून मानेच्या पट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, वापरावा. मानेवर ताण येऊ न देण्याचे कारण वर आलेच आहे. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे जे निर्धोकपणे भेटते, त्याची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. म्हणून लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला खाली न सोडता कडेवर घेऊन रहदारी, छत्र्या, लहान मुले आणि मोठे आवाज यांची ओळख करून द्यावी.

एकटे राहण्याचा सराव याच दिवसांत हवा. पिल्लू खाऊत रमलेले असताना खोलीबाहेर अर्धा मिनिट जावे आणि ते अस्वस्थ होण्याआधीच, कसलाही सोहळा न करता परत यावे. पुढे ही वेळ हळूहळू वाढवावी. या जातीला आवाज चढवून शिकवता येत नाही, ती लगेच दबते. खाऊ आणि कौतुक यांवर मात्र ती काहीही शिकते, फक्त प्रशिक्षणात दिलेला खाऊ दिवसाच्या अन्नातून वजा करायचा असतो. कॅव्हेलियरला पोट भरल्याचे कधीच कळत नाही, आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहून घास टाकणारा माणूस प्रत्येक घरात असतोच. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत, ही वजनाची घरगुती कसोटी आहे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड घटक) असलेले पदार्थ त्याला विषारी ठरतात.

सातवी पायरी : रोजची निगा आणि पुढची वर्षे

आठवड्यातून तीन-चारदा केस विंचरावेत. गुंता सर्वांत आधी कानामागे आणि पुढच्या पायांच्या बगलेत होतो, त्यामुळे पाठीवरून ब्रश फिरवून समाधान मानू नये. नसबंदीनंतर केस अनेकदा लोकरीसारखे मऊ आणि दाट होतात, मग ही मेहनत वाढते. लांब कानांच्या आत हवा खेळत नाही, म्हणून दर आठवड्याला कान उचलून वास आणि लाली पाहावी. जेवताना कान भांड्यात पडू नयेत यासाठी अरुंद तोंडाचे भांडे घ्यावे. दात रोज घासता आले तर उत्तम, कारण छोट्या जबड्यात दाटीने बसलेल्या दातांवर कीट लवकर चढते. उन्हाच्या वेळी फिरवणे टाळावे.

वयाच्या पहिल्या वर्षापासून दरवर्षी हृदय तपासून घ्यावे आणि मर्मर आढळताच इको करावा. मर्मर कळल्यापासून घरी एक मोजणी सुरू करावी. कुत्रा गाढ झोपलेला असताना, स्वप्नात पाय हलत नसताना, छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास, याप्रमाणे पूर्ण मिनिटभर मोजून तारखेसह लिहून ठेवावे. हा आकडा सर्वसाधारणपणे ३० च्या खाली असतो. तो वारंवार ३० च्या वर जाऊ लागला, तर खोकल्याची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करावा, कारण फुप्फुसांत पाणी साचण्याची ही सर्वांत लवकर दिसणारी खूण आहे.

एक गोष्ट पशुवैद्याला आपण होऊन सांगावी लागते. अनेक कॅव्हेलियरांच्या रक्तात प्लेटलेट संख्येने कमी पण आकाराने मोठ्या असतात, त्यांपैकी बऱ्याच यंत्राच्या मोजणीतून सुटतात आणि अहवालात भीतीदायक आकडा छापून येतो. कुत्र्याला त्याचा सहसा त्रास नसतो, तरी त्या आकड्यावरून शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाणे किंवा अनावश्यक औषधे सुरू होणे शक्य असते. अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा थर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली प्लेटलेट पुन्हा मोजून घेण्याची विनंती करावी. कुत्रा तरुण आणि निरोगी असताना केलेली अशी मोजणी त्याच्या फायलीत लावून ठेवली, तर पुढच्या प्रत्येक अहवालाची तुलना तिच्याशी करता येते.